चामड्याची पँट आणि वेतोबाच्या चपला

काका, नमस्कार. (काका म्हणते, कारण ‘माझी मुलगी तुमच्याच वयाची आहे’ असं तुम्हीच लिहिलंय. नाव मात्र दिलं नाहीत, खाली ‘एक जुना वाचक’ एवढीच सही.)

मागच्या लेखात मी अमेरिकेतल्या अर्बन फँटसी कादंबऱ्यांबद्दल लिहिलं होतं. आजच्या शहरात व्हँपायर (रक्त पिणारी भुतं) आणि वेअरवुल्फ (लांडगा होणारी माणसं) राहतात, आणि त्यांच्याशी गाठ पडते ती एका बाईची, अशा कादंबऱ्या. त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं, की या ‘समर्थ’ नायिका म्हणजे चामड्याची तंग पँट घातलेले पुरुषच. अंगात अमानवी शक्ती आली की बाई समर्थ होते, हा पोरकट समज. भुतंखेतं शहरात नांदवायचं खूळ आपल्या मातीतलं नाही, आपल्याकडे फार तर वेताळ, म्हणजे त्यांचा व्हँपायर. आणि मुलीच्या कपाटात असली दोन पुस्तकं सापडल्यापासून तुम्ही अस्वस्थ आहात. चाळिशी उलटलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईनेही हेच वाचावं याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं.

आश्चर्याचं आधी उरकते. डोंबिवलीहून लेडीज डब्यात नशिबाने चौथी सीट मिळाली, तर अर्धं बूड बाहेर ठेवून तासभर वाचता येतं. बरगडीत कोणाचं तरी कोपर असतानाही पान उलटावंसं वाटलं पाहिजे, एवढीच माझी अट.

पँटीचं मान्य. मुखपृष्ठं भयंकर असतात. पाठमोरी बाई, हातात शस्त्र, मागे पौर्णिमेचा चंद्र. पॅट्रिशिया ब्रिग्जच्या मर्सी थॉम्पसन मालिकेच्या मुखपृष्ठांवर नायिकेचे हात गोंदणाने भरलेले दिसतात. पुस्तकात तिच्या अंगावर गोंदण आहे एकच, पंजाचा छोटा ठसा. मुखपृष्ठावरून निकाल द्यायचा असेल तर देऊन टाका, माझी हरकत नाही. पण तुमचा मुद्दा शक्तीचा आहे, आणि तिथे मात्र तुमचं गणित उलटं पडलंय.

मी बँकेत ज्या टेबलावर बसते तिथे मयत खातेदारांची प्रकरणं येतात. गेल्या पावसाळ्यात दोन भाऊ आले. आईची एफडी, नॉमिनी धाकटा. थोरला म्हणे, आई मला तोंडी सांगून गेली होती की पैसे दोघांचे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचं तुमचं तुम्ही बघा, वगैरे माझं नेहमीचं कीर्तन मी सुरू करणार, तेवढ्यात धाकटा ओरडला, “मग जा की, विचार जाऊन आईला!” अख्खी शाखा गप्प झाली. आणि मला, लाज वाटते सांगायला, हसू आलं. कारण लॉरेल हॅमिल्टन या लेखिकेच्या कादंबऱ्यांतल्या सेंट लुईस शहरात खरंच जाऊन विचारता येतं. तिची अनिता ब्लेक (पहिलं पुस्तक १९९३ चं) पगारावर मुडदे उठवते. मृत्युपत्रावरून भांडण लागलं, विम्याचा दावा अडला, की लोक तिच्या कंपनीकडे येतात. ती रात्री कब्रस्तानात जाते, बळी देते, मेलेला उठतो, साक्ष देतो आणि परत झोपतो. माझंच टेबल, फक्त रात्रपाळीचं.

तर शक्ती. १९९४ च्या दुसऱ्या पुस्तकात एक श्रीमंत माणूस तिला दहा लाख डॉलर देऊ करतो. काम काय, तर २८३ वर्षांपूर्वी मेलेल्याला उठवायचं. मुडदा जितका जुना तितका बळी मोठा, असा तिथला नियम. कोंबडीवर भागतं, बकऱ्यावर भागतं, पण इतक्या जुन्याला माणूस लागतो. हे काम करू शकतील असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात ही एक. ती नाही म्हणते आणि उरलेलं पुस्तकभर त्या ‘नाही’ची किंमत मोजत राहते. काका, तिच्यात शक्ती नसती तर हा माणूस तिच्या दारात आलाच नसता. शक्तीमुळे ती सुटत नाही, अडकते. ज्याला सही करायचा अधिकार असतो त्याच्याच केबिनबाहेर दबाव आणणारे बसतात. तुम्ही नोकरी केली असेल तर हे मी सांगायला नको.

मर्सीकडे तर धड शक्तीही नाही. २००६ च्या ‘मून कॉल्ड’मध्ये ती वॉशिंग्टन राज्यातल्या केनविकजवळ राहते, फोक्सवॅगन दुरुस्त करते, नखांत ग्रीस. तिला कोयोट होता येतं. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ. आणि शेजारी राहतो वेअरवुल्फांच्या टोळीचा म्होरक्या, टापटिपीचा भोक्ता. तो दादागिरी करायला लागला, की ही आपल्या आवारातली एक भंगार फोक्सवॅगन रॅबिट गाडी त्याच्या खिडकीतून नीट दिसेल अशी ठेवते. फारच डोक्यात गेला तर गाडीचं एखादं चाक काढून टाकते. त्याच्याशी ताकदीत ती सात जन्मांत जिंकणार नाही. ती त्याला खिडकीतून बाहेर बघणं नकोसं करून सोडते. याला तुम्ही पुरुषीपणा म्हणणार? आमच्या सोसायटीत हे शास्त्र कोळून प्यायलेल्या किमान चार बायका आहेत.

आणि शॉनन मॅग्वायर या लेखिकेची टोबी डे, अर्धी माणूस, अर्धी परी, २००९ ची. सुरुवातीलाच कोणीतरी तिला मासा करून टाकतं आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बागेच्या तळ्यात ती १४ वर्षं पोहत राहते. शाप उतरतो तोवर लहानगी लेक मोठी झालेली. घरच्यांच्या लेखी ही त्यांना टाकून निघून गेलेली बाई, आणि खरं सांगायची सोय नाही. मग सुपरमार्केटात रात्रपाळी. हे मी ठाण्याच्या अलीकडे वाचत होते. दिवा स्टेशन कधी गेलं कळलं नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र तुम्ही न मांडताच मला पटलंय, म्हणून मीच मांडते. अनिताच्या मालिकेत दहाव्या पुस्तकापासून (२००१) गाडी शयनगृहाकडे वळते ती वळतेच. मी पुढचं एक कसंबसं संपवलं आणि नाद सोडला. दुसरं म्हणजे यातल्या बऱ्याच नायिकांना धड मैत्रीण नसते. आसपासच्या इतर बायका एकतर मत्सरी नाहीतर मरायला ठेवलेल्या. पँटीऐवजी यावर बोट ठेवलं असतंत तर मी निरुत्तर झाले असते.

आता वेताळ. वेताळ म्हणजे व्हँपायर हे समीकरण रिचर्ड बर्टनचं. त्याने १८७० मध्ये वेताळकथांचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि नाव ठेवलं ‘विक्रम अँड द व्हँपायर’. आपला वेताळ मढ्यात शिरतो, गोष्टी सांगतो, कोडी घालतो. रक्ताशी त्याला देणंघेणं नाही. आणि कोकणात तर तो देव आहे. माझं आजोळ शिरोड्याचं, शेजारच्या आरवलीला वेतोबा. त्याला नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला हातभर लांब, लहानपणी मी माझं पाऊल शेजारी ठेवून पाहिलेलं आणि आजीचा धपाटा खाल्लेला. त्या चपला झिजतात. का, तर “देव रातीचो गावात फिरता.” गस्त घालतो, चपला झिजवतो, नवीन जोड घेतो. अमानवी शक्तीला नोकरी लावून द्यायची कल्पना आपल्या मातीतली नाही म्हणता?

आपल्या मातीत नाही ती फक्त अशी समर्थ बाई. आपल्याकडे बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मग तिचा बंदोबस्त करायला कोणी बाप्या बोलवावा लागतो. नारायण धारपांच्या गोष्टी मी पांघरुणात वाचल्यात, अजूनही रात्री वाचवत नाहीत. पण तिथे दुष्ट शक्तींशी झुंजायला येतात त्या पुरुषाचं नावच मुळी समर्थ. ‘समर्थ नायिका’ या शब्दाला तुम्ही अवतरणचिन्हं घातलीत तेव्हा मला आधी तेच आठवलं.

असो. मुलीच्या कपाटातल्या त्या दोन पुस्तकांची नावं तेवढी कळवा. मालिकेतली मधलीच एखादी असतील तर पहिली माझ्याकडून घेऊन जा, वाचून परत करायच्या बोलीवर. आणि तिची पुस्तकं होती तशी ठेवा. खूण जिथे घातली असेल तिथेच असू द्या.