क्रोम नाही ती!

आज पुन्हा एकाने गाडीला टेकून खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "क्रोम गेलं की हो तुमचं. व्हिनेगर लावा ना." डोकं फिरलं माझं. क्रोम नाही ती. क्रोम असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

गाडी जर्मन, सेकंडहँड घेतलेली, जिवापाड जपलेली. रत्नागिरीत समुद्राच्या काठाला राहून गाडी जपायची म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. खारा वारा, मे महिन्याचं ऊन, आणि आमच्या बोअरचं ते मचूळ पाणी. काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांवर पांढरे गोल ठिपके पडायचे, ते मी मान्यच केलं होतं. पाणी उन्हात वाळतं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तोच थर. नखाला खरखरीत लागतो, व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं ओलं केलं आणि मिनिटभर धरलं की सुटतो. मग लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, पुसून कोरडं करायचं. संपलं. ठिपक्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या बिनलेबलाच्या बाटलीबद्दल.

शिमग्याला गावी जाऊन आलो, गाडी लाल मातीने माखलेली, म्हणून हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरला घातली. तिथला पोरगा म्हणाला, "दादा, क्रोमवर डाग आहेत, लिक्विड मारू का?" मी म्हटलं, मार. ज्या बाटलीने त्याने मघाशी चाकं धुतली होती तीच बाटली उचलली, चारही दारांच्या पट्ट्यांवर फवारली आणि निघून गेला दुसऱ्या गाडीकडे. दुपारचे साडेबारा. पट्टी हात लावला तर भाजेल अशी तापलेली. लिक्विड तिच्यावर वाळलं, मग त्याने येऊन पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळी पट्टी दुधाळ. ठिपके नाहीत, खरखर नाही. आरशावर श्वास सोडावा तसा धूसर पांढुरका पडदा, आणि तो काही केल्या जाईना.

परत गेलो. मालकाचं उत्तर: "साहेब, आम्ही सगळ्यांना हेच मारतो. कोणाची तक्रार नाही." कशी असेल? इतरांच्या पट्ट्या स्टीलच्या, नाहीतर प्लॅस्टिकवर मुलामा दिलेल्या. त्या निभावून गेल्या म्हणून माझी पट्टी जाळायचा परवाना मिळाला का तुम्हाला?

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, समईला लावतो तशी चिंच लाव आणि वर रांगोळीने घास. एकाने पितळेचं पॉलिश आणून दिलं. एक म्हणाला, स्टीलची तारेची घासणी घे आणि जोर लाव. सगळे मायेने सांगत होते, त्यांच्यावर राग नाही. पण एकालाही, अगदी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही पट्टी आहे कसली?

शेवटी मला खरं सांगितलं ते गाडीवाल्याने नाहीच. घराच्या स्लायडिंग खिडकीचं काम करायला सेक्शनवाला आला होता. त्याने जाता जाता पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "हे ॲल्युमिनियम आहे, ॲनोडाइज्ड. ह्याला केमिकल लागलंय. आमच्या खिडक्यांना प्लास्टर करताना ओलं सिमेंट लागलं की असंच होतं, म्हणून आम्ही आधी टेप मारतो." एवढं साधं! घरातून चुंबक आणला, लावून बघितला. चिकटला नाही, म्हणजे साधं स्टील नाही. प्लॅस्टिकही नाही, हाताला थंडगार धातू.

ॲनोडाइज्ड म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा थर. माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. साधारण पीएच (ॲसिड-कॉस्टिकपणा मोजायचं माप, ७ म्हणजे न्यूट्रल) ४ ते ८ च्या मधलं काही लागलं तर तो टिकतो. त्याच्या खाली कडक ॲसिड, वर कॉस्टिक, दोन्ही त्याला खातात, आणि उन्हात तर भराभर. चाकांची काजळी काढणारं कडक लिक्विड बहुधा ह्या दोन टोकांपैकीच असतं. म्हणजे तो पांढरा पडदा पट्टीवर बसलेला नाही, ती पट्टीच कोरली गेली आहे. तिथे व्हिनेगर काय काढणार? उलट व्हिनेगर स्वतःच ॲसिड, जास्त वेळ राहिलं तर आणखी खाणार. ठिपक्यांना मिनिटभर चालतं ते म्हणूनच, आणि तेही धुवायला पाणी हाताशी असेल तर.

हट्टाने एका दाराची पट्टी पॉलिशने घासली. अशी चमकली की वाटलं, जिंकलो! पण पॉलिशने उरलासुरला थरही नेला होता. उघडं ॲल्युमिनियम आणि आमची खारी हवा. मृगाचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत त्यावर पांढरी भुकटी धरली. आता त्या एका पट्टीला महिन्याला मेण चढवत बसतो. बाकीच्या तीन दारांना हात लावायची हिंमत नाही. नव्या पट्ट्यांचा भाव काढला तर दोन महिन्यांचा घरखर्च.

आता गाडी घरीच धुतो. पत्र्याच्या पागोळ्यांखाली पिंप ठेवलंय. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, शेवटचा हात त्यानेच मारतो. स्लॅबची गळती मात्र गाडीवर पडू देत नाही, सिमेंटमधला चुना घेऊन येते ती. शाम्पू न्यूट्रल, ऊन चढायच्या आत, आणि पट्टी कोरडी केल्याशिवाय आत जात नाही.

परवा त्याच वॉशिंग सेंटरसमोर टपरीवर चहाला थांबलो होतो. तोच पोरगा, तीच बाटली, समोर एक नवी कोरी गाडी. चहा तसाच टाकून धावलो आणि त्याचा हात धरला. "आधी चुंबक लाव!" गाडीचा मालक माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. पोरगा म्हणाला, "दादा, क्रोम आहे ते."