किक, ठेका आणि रॅप : धुळ्याच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

एवढी मनापासून आणि एवढी लांब प्रतिक्रिया लिहिलीत, तिच्याखाली नुसतं "धन्यवाद" टाकून सोडून देणं मला पटेना म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माझ्या तायक्वांदोच्या क्लासमधल्या मोठ्या मुलामुलींना मी लिरिकल रॅप, म्हणजे शब्दांवर आणि यमकांवर भर असलेलं रॅप, ऐकायला लावते आणि त्याचा त्यांच्या स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीला, फायदा होतो. त्यावर दादांचं म्हणणं असं की आताचं तायक्वांदो म्हणजे पायांची तलवारबाजी झालीय, सेन्सरला पाय लागला की पॉइंट, दम राहिलाच नाही. वरून रॅप म्हणजे शिव्या आणि मीपणा, जिथे वाकून नमस्कार करून आत जायचं तिथे ही घाण कशाला. आणि बहिणाबाईंच्या जिल्ह्यात राहून पोरांच्या कानात अमेरिकेची बडबड घालता, हे सगळं पोरांना खूश करून क्लास भरायचं काम आहे.

दादा जुने कराटेवाले आहेत, त्यांच्या बोलण्यात तळमळ आहे हे मला दिसतं, म्हणून मीही जे वाटतं ते सरळ लिहिते.

आधी सेन्सरचं. नुसता पाय लागला की पॉइंट असं नसतं हो. चेस्ट गार्डमध्ये सेन्सर असतो, खेळाडूच्या पायातल्या मोज्यातही असतात, मोजा गार्डला बरोबर जागी लागला आणि वजनगटाप्रमाणे ठरलेली ताकद त्यात असली तरच मशीन पॉइंट देतं. हे सगळं आलं का, तर आधी कोपऱ्यातले जज बटण दाबून पॉइंट द्यायचे आणि त्यात केवढे घोळ व्हायचे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनने चीनच्या चेन झोंगला शेवटच्या काही सेकंदांत डोक्यावर किक मारली, सगळ्या स्टेडियमला दिसली, पॉइंट मिळाला नाही, मॅच हरल्याचं जाहीर झालं, मग तक्रार केल्यावर निकाल फिरवावा लागला. त्यानंतर २०१२ ला लंडनमध्ये छातीच्या गार्डला आणि २०१६ ला रिओमध्ये हेल्मेटलाही सेन्सर आले. आमच्यासारख्या छोट्या गावांतल्या पोरांसाठी तर ही फार मोठी गोष्ट आहे, कारण मोठ्या शहरात खेळायला गेलं की समोरच्याचा कोच जजच्या ओळखीचा आहे का ही धास्ती पालकांच्या मनात असायची, मशीनला कुणाची ओळख नसते.

आता तुमचं जे खरं आहे ते खरंच आहे. पुढचा पाय हवेत लटकवून ठेवायचा आणि समोरच्याच्या पायाला पाय घासत बसायचं, मिठी मारल्यासारखं चिकटून तळपाय गार्डला लावायचा, हे बघायला मलाही अजिबात आवडत नाही, सेन्सर आल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातल्या मॅचेस बघताना जीव कंटाळायचा. पण खेळ चालवणाऱ्यांनाही ते कळलंय, म्हणून पाय तीन सेकंदांपेक्षा जास्त उचलून धरला की गामजोम, चिकटून गुडघा बाहेर काढून मारलं तरी गामजोम, आणि गामजोम म्हणजे समोरच्याला फुकटचा एक पॉइंट. छातीवर साधी किक २, डोक्यावर ३, फिरून मारली तर छातीवर ४ आणि डोक्यावर ५. २०२२ पासून तर तीनपैकी दोन राउंड जिंकायचे असा नियम झालाय, आधी तिन्ही राउंडचे पॉइंट एकत्र मोजायचे त्यामुळे पहिल्या राउंडमध्ये लीड घेऊन पुढे पळत राहणारे पुष्कळ होते, आता प्रत्येक राउंड शून्यापासून, पळून भागत नाही. तुम्ही अलीकडच्या मॅचेस बघाच एकदा.

रस्त्यावर याचा काय उपयोग, असं विचारलंय. रस्त्यावर मी मुलींना पळायला आणि ओरडायला शिकवते. तो विषय इथे संपला.

खरा मुद्दा ठेक्याचा आहे आणि तिथेच तुम्ही म्हणालात की ही ओढूनताणून लावलेली जोड आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

माझ्याकडे एक मुलगी आहे, उंच, लांब पायांची, पॅडवर तिची राउंड किक बघाल तर बघतच राहाल. गुडघा सरळ वर येतो, बाजूने फिरून येत नाही, खालच्या पायाची टाच समोरच्याकडे वळते, कंबर शेवटच्या क्षणी पलटते आणि पाय फाटकन लागून तितक्याच वेगाने परत येतो. आणि ही मुलगी स्पॅरिंगमध्ये हरायची, तिच्यापेक्षा बुटक्या, तिच्यापेक्षा ढिल्या किकच्या मुलींकडून हरायची, आणि येऊन म्हणायची, "ताई, मना पाय उठतच नही." पाय उठत होता. मी मोबाइलवर तिच्या मॅचचं शूटिंग लावलं आणि आवाज बंद करून नुसत्या तिच्या उड्या बघितल्या. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, किक. परत एक-दोन, एक-दोन, एक-दोन, किक. शाळेच्या घंटेसारखी ठरलेल्या वेळेला. समोरच्या मुलीला डोळे मिटूनसुद्धा कळलं असतं की आता येणार, ती बरोबर त्या वेळी बॅक किक, म्हणजे पाठ वळवून सरळ मारायची ती किक, मारायची आणि चार पॉइंट घेऊन जायची, कारण राउंड किक मारताना आपली छाती उघडी पडते आणि बॅक किक सरळ रेषेत आत येते.

आता हे तिला समजवायचं कसं? "रिदम तोड" असं सगळेच कोच ओरडतात, मीपण ओरडत होते. पण ज्याला स्वतःचा ठेका ऐकूच येत नाही तो तोडणार काय? तेव्हा मी तिला रॅप ऐकवलं, बीटवालं, पण नाचायचं नाही, शब्दांचं. मांडीवर हात मारून आधी ड्रम पकड म्हटलं. चार मात्रांत दुसरीवर आणि चौथीवर तो टणक आवाज येतो, स्नेअर, तो कुणालाही सापडतो. मग म्हटलं की आता दुसऱ्या हाताने फक्त यमक जिथे पडतं तिथे टाळी दे. आणि तिथे तिचा गोंधळ उडाला, कारण चांगला रॅपर यमक ड्रमवर टाकतच नाही, कधी त्याच्या आधी, कधी किंचित मागे, कधी वाक्य ओळीच्या शेवटी संपवायचं सोडून पुढच्या ओळीत ओढून नेतो आणि मधेच थांबतो, आणि त्या थांबण्यात आपण पुढे वाकून ऐकायला लागतो. रकीम नावाच्या अमेरिकन रॅपरने १९८० च्या दशकात हे असं काही करून ठेवलं की रॅपची चालच बदलली, त्याच्या आधी बहुतेक यमकं ओळीच्या टोकाला बसायची, याने ती ओळीच्या पोटात आणली. हा माणूस लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझमधला मोठा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ऐकायचा, आणि त्याच्या शब्दांत तो वाजवणारा माणूस ऐकू येतो.

तर त्या मुलीला मी मॅटवर उभं केलं आणि म्हटलं, तुझ्या उड्या म्हणजे ड्रम, किक म्हणजे यमक, ड्रमवर यमक टाकायचं नाही. दोन उड्या सारख्या मार, समोरचीला तुझा ठेका ऐकू दे, तिला वाटू दे की आपल्याला कळलं, मग तिसरी उडी अर्धीच घे. ती अर्धी उडी म्हणजे सगळी कला आहे दादा. समोरची तुमच्या ठेक्यावर स्वतःची उडी बांधून बसलेली असते, तुम्ही अर्ध्यात थांबलात की ती हवेतून खाली येत असते, आणि पायावर वजन पडत असताना माणूस मागे सरकू शकत नाही, आधी जमिनीला ढकलावं लागतं मगच हलता येतं, किक घालायची ती त्या क्षणात. जगातल्या सगळ्यात वेगवान पायापेक्षा त्या क्षणी निघालेला साधा पाय आधी पोचतो. नुसता गुडघा उचलून हूल दिली, समोरचीची बॅक किक हवेत गेली आणि ती फिरून पाठमोरी झाली की वरून पाय टाकला, हेही त्यातलंच, यमक येणार येणार असं वाटायला लावून पुढच्या ओळीत टाकलं.

ती मुलगी आता वेगळं खेळते. सगळ्या मॅचेस जिंकते असं म्हणत नाही मी, पण तिची किक येणार कधी ते आता मला बाहेर बसून कळत नाही, आणि मी तिची कोच आहे.

स्पॅरिंग चालू असताना मी गाणं लावत नाही हेही सांगते, तुम्हाला वाटलं असेल की इथे स्पीकर लावून धिंगाणा चालतो. सीजाक, म्हणजे "सुरू करा", म्हटल्यावर हॉलमध्ये फक्त पायांचा आवाज. वाकून नमस्कार आत येताना, बाहेर जाताना, जोडीदाराला आधी आणि नंतर, त्यात मी एका इंचाची सूट देत नाही. गाणी ऐकायची ती स्ट्रेचिंगला आणि घरी.

शिव्यांचं म्हणाल तर आहेत, भरपूर आहेत, आणि म्हणून बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना मी ते ऐकवत नाही आणि मोठ्यांनाही गाणी मीच निवडून देते. पण शिव्या आहेत म्हणून सगळं घाण हे नाही पटत मला. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या 'डॅम' अल्बममध्येही शिव्या आहेत आणि त्याच अल्बमला २०१८ मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार संगीतासाठी मिळाला, शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला तो पहिल्यांदाच मिळाला. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये बहिणीने ठेवलेल्या पार्टीत दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, तिथून हिपहॉप, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे ते सगळं, सुरू झालं असं मानतात. ती गरीब वस्ती होती, त्या काळात तिथल्या इमारती जळत होत्या, तिथली पोरं गोड बोलणार नव्हतीच.

आणि मीपणा? दादा, आपल्याकडे कलगी-तुरा काय होता मग? एक फड शक्तीला मोठं म्हणणार, दुसरा शिवाला, समोरच्याला कूट घालायचं, त्याला उत्तर आलं नाही तर भर सभेत त्याची फजिती, लोक रात्रभर बसून ऐकायचे. माझ्या आजोबांच्या तोंडून मी ते ऐकलंय, कुणी कुणाला कसं निरुत्तर केलं हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. त्यात मीपणा होता तसा पाठांतर, अभ्यास आणि हजरजबाबीपणाही होता. रॅप बॅटल ऐकताना मला तेच दिसतं. शिवाय हिपहॉपला लढायच्या कलेचं वेड पहिल्यापासून आहे, न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपने आपलं नावच कुंग फूच्या पिक्चरांवरून घेतलं, म्हणजे ही जोड मी जळगावात बसून लावलेली नाही.

बहिणाबाईंबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण मी त्यांचीच गाणी ऐकत मोठी झाले. ती बाई लिहायला वाचायला शिकली नव्हती. जात्यावर, शेतात, काम चालू असताना तोंडाने रचत होती, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून आज आपल्याकडे आहे. कागद नाही, पेन नाही, हाताला काम आणि त्या कामाच्या ठेक्यावर शब्द, बोली घरातली, शेजारणीला कळेल अशी. मला सांगा, माझ्या क्लासमधला पोरगा सायकलवरून घरी जाताना अहिराणीत ओळी जुळवतो तो त्यांच्या जवळ चाललाय का लांब? त्याच्या आजीने त्याला सांगितलेले शब्द तो वापरतो, जे त्याच्या बापाने शहरात नोकरीला लागल्यावर सोडून दिले होते.

त्याच्याशी माझं भांडण वेगळंच चालू असतं. मराठीत आणि अहिराणीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं, जातो-येतो-खातो, अहिराणीत तर करस, जास, येस, सगळं स वर संपतं, दहा ओळी पाच मिनिटांत होतात आणि ऐकायला कंटाळवाण्या होतात. मी त्याला सांगते की क्रियापदावर यमक टाकायचं नाही, वाक्य उलटं कर, नाम शेवटी आण, मधल्या शब्दाला मधला शब्द भिडव. चिडतो, पण करतो. अमरावतीचा सौरभ, जो १००आरबीएच नावाने गातो, त्याचं वऱ्हाडी रॅप किंवा मुंबईच्या स्वदेशी या रॅप ग्रुपमधल्या एमसी मवालीचं मराठी ऐका, आपल्या भाषेत हे कसं होतं ते समजेल. खान्देशातूनही असं कुणी मोठं यावं असं मला फार वाटतं.

क्लास भरायचं म्हणाल तर मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला जातो तेव्हा पत्र्याच्या हॉलमध्ये पहाटे साडेपाचला किती पोरं येतात ते येऊन बघा, रॅपच्या आशेने कुणी त्या वेळेला उठत नाही.

शेवटी तुम्ही नातवाचं विचारलंय, नऊ वर्षांचा आहे, स्पॅरिंग सुरू करू का. करा. पण पहिले काही महिने डोक्यावर किक नाही, दोघांनाही बजावून सांगायचं, आणि जोडीदार त्याच्याच वजनाचा हवा, वयाचा नाही, वजनाचा. चेस्ट गार्ड, हेल्मेट, हाताचे आणि नडगीचे गार्ड, ग्रोइन गार्ड (जांघेचा), माउथ गार्ड एवढं सगळं असल्याशिवाय मॅटवर उतरू देऊ नका, कोच काहीही म्हणो. हेल्मेट ऑनलाइन अंदाजाने मागवू नका, दुकानात नेऊन त्याच्या डोक्यावर घालून मान जोरात हलवायला सांगा, डोळ्यांवर घसरलं तर एक साइज लहान घ्या.