महिन्याला किती परवडेल, हा प्रश्नच चुकीचा आहे

आज दुपारी ओळखीतल्या एका तरुण जोडप्यासोबत बोट पाहायला गेले होते, आणि परतल्यापासून डोके शांत झालेले नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात येऊन दोघांना फार वर्षे झालेली नाहीत. दोन लहान मुले आहेत, नवऱ्याचे आईवडील दर उन्हाळ्यात नागपूरहून येतात, आणि या सगळ्यांना घेऊन संध्याकाळी तळ्यावर जाता यावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यासाठी पॉंटून बोट, म्हणजे लांब पोकळ नळकांड्यांवर (ट्यूबवर) सपाट डेक बसवलेली बोट, घ्यावी हा विचारही योग्यच होता. मात्र दुकानातल्या विक्रेत्याने त्यांना कोणत्या तळ्यावर जाणार, किती माणसे बसणार, बोट ओढायला गाडी कोणती आहे, यांतले काहीही विचारले नाही. त्याने हसतमुखाने एकच प्रश्न विचारला, "महिन्याला किती परवडेल?"

त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. साध्या बोटीची चौकशी करायला आलेली ही मंडळी अर्ध्या तासात बावीस फुटी, तीन ट्यूबच्या, दीडशे अश्वशक्तीच्या चकचकीत बोटीवर जाऊन बसली. कर्जाची रक्कम ५८ हजार डॉलर, व्याज साडेआठ टक्के, मुदत पंधरा वर्षे आणि हप्ता साधारण ५७० डॉलर. "जेवणाखाण्यावर एवढे जातातच की," असे तो विक्रेता म्हणाला. मी तिथेच फोनवर गुणाकार करून दाखवला. १८० हप्त्यांचे मिळून एक लाख दोन हजार डॉलरांच्या वर जातात. त्यात विक्रीकर नाही, विमा नाही, हिवाळ्यात बोट ठेवण्याचे भाडे नाही. आज मांडीवर बसलेले त्यांचे धाकटे मूल शेवटचा हप्ता जाईल तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल. ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला घरात बसून शिकवले गेले होते ना? मग इथे आल्यावर ते शिक्षण नेमके कुठे जाते?

आणि हा सण तरी किती दिवसांचा? इथल्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिलच्या मध्याला वितळतो, पाणी अंगाला सोसण्याजोगे व्हायला जून उजाडतो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की मुलांच्या शाळा आणि थंडी हातात हात घालून येतात. जानेवारीत तळे गोठून त्याच्यावर लोक गाड्या नेऊन मासे पकडत असतात, तेव्हाही ५७० डॉलर खात्यातून नियमाने जातच राहणार.

आम्ही आमची बोट घेतली तो दिवस मला या निमित्ताने पुन्हा आठवला. ब्रेनर्डच्या अलीकडे एका लहान तळ्यावर एक निवृत्त शाळामास्तर राहत होते, त्यांची २००७ सालची वीस फुटी, दोन ट्यूबची बोट विकायची होती. मोटार चार-स्ट्रोक, ५० अश्वशक्तीची. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या, म्हणून त्याही सोबत होत्या. त्या कराडच्या. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमाच्या काठी त्यांचे बालपण गेलेले असले, तरी डुलणाऱ्या होडीत पाय टाकायची त्यांची आयुष्यभर तयारी नव्हती. मास्तरांनी बोट डॉकला, म्हणजे काठावरच्या फळ्यांच्या धक्क्याला, लावली आणि कडेचे फाटक उघडले. डॉकची फळी आणि बोटीचा डेक जवळजवळ एका पातळीत होते. सासूबाईंनी एका हाताने निऱ्या सावरल्या, दुसऱ्या हाताने फाटकाची कड धरली आणि एका पावलात त्या आत गेल्या. बोट हललीसुद्धा नाही. त्या बाकावर बसल्या, आजूबाजूला पाहिले आणि म्हणाल्या, "ही घ्या." किंमत तोवर आम्ही विचारलेलीही नव्हती!

आज संध्याकाळी हा सगळा प्रकार मी मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहिला, तर एका सद्गृहस्थांनी उत्तर दिले की दोन ट्यूबची बोट म्हणजे म्हाताऱ्या लोकांची बोट. अहो, म्हातारे लोक निर्धास्त बसू शकतात हीच तर तिची थोरवी आहे. ही बोट मुळात याच राज्यातली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचमंड गावच्या अ‍ॅम्ब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने पोलादी नळकांड्यांवर लाकडी फळ्यांचा डेक बसवून ती तळ्यात सोडली, ती साध्या होडीपेक्षा अधिक स्थिर राहील या विचाराने. सगळ्या घरादाराला एकत्र बसता यावे यासाठी जी वस्तू जन्माला आली, तिला आता वेगाच्या आणि ऐटीच्या शर्यतीत उतरवून आपण तिची किंमत पाचपट करून ठेवली आहे.

तिसऱ्या ट्यूबचा उपयोग नाही असे माझे म्हणणे नाही. मिल लॅक्ससारख्या अफाट आणि उथळ तळ्यावर वारा सुटला की ज्या लाटा उठतात, किंवा मिनेटोंका तळ्यावर रविवारी मोठ्या बोटींच्या मागे जे पाणी उसळते, त्यात ती ट्यूब कामाला येते, हे मान्य. पण ज्यांना वाऱ्याच्या दिवशी घरीच बसायचे आहे आणि इतर दिवशी संथ पाण्यात भेळ खात सूर्यास्त पाहायचा आहे, त्यांनी तिच्यासाठी पैसे का मोजावेत? वीस फुटी बोटीला ५० ते ६० अश्वशक्ती पुरते. मुलांना फुगवलेल्या रबरी ट्यूबवर बसवून मागे ओढायचे असेल तर ९० असावी. मुलांना तर कमी वेगातच अधिक मजा येते, वेगाची हौस त्यांच्या बापाला असते.

गाडीचा विचार तर कुणी करतच नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात ओडिसी किंवा सिएनासारखी मिनीव्हॅन उभी असते आणि तिची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असते. दोन ट्यूबची लहान बोट, मोटार, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन या मर्यादेत जेमतेम बसते. तीन ट्यूबची बावीस फुटी बोट मात्र बसत नाही, म्हणजे बोटीपाठोपाठ पिकअप ट्रकही आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. ज्यांचे घर तळ्याच्या काठावर नाही त्यांनी खरेदीआधी एकदा रॅम्पवर, म्हणजे ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, नुसते उभे राहून पाहावे. आडवा वारा असला की पॉंटूनच्या कडेचे पत्रे शिडासारखे वारा धरतात, आणि रिकामी हलकी बोट ट्रेलरवर सरळ चढवताना भल्याभल्यांच्या संसारातली गोडी कसोटीला लागते.

जुनी बोट घ्यायची तर फसवणुकीची भीती असते, हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. मास्तरांनी आम्हाला बूट काढायला लावले आणि मोजे घालून डेकच्या कडेकडेने टाचा रोवत चालायला सांगितले. डेक दाबप्रक्रिया केलेल्या प्लायवूडचा असतो आणि त्यावर गालिचा किंवा व्हिनाइल चिकटवलेले असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरत राहिले की लाकूड आतून कुजते, पण वरून काही दिसत नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात, मोटारीजवळ, माझी टाच किंचित आत गेली. "तिथेच ना?" असे विचारून मास्तरांनी स्वतःच गुडघ्यावर बसून गालिचाची कड उचलली आणि तळहाताएवढा काळा पडलेला भाग दाखवला. एवढा भाग कापून बदलता येतो, पण सगळा डेक मऊ झाला असेल तर बाके, कठडे सर्व उतरवावे लागतात आणि स्वस्तात घेतलेली बोट महागात पडते. त्या कोपऱ्यापोटी त्यांनी किंमत आपणहून कमी केली. आम्हाला ती बोट ट्रेलरसकट दहा हजार डॉलरांच्या आत मिळाली.

मोटारीचेही तसेच. त्यांनी खालच्या गियरपेटीचा तळाचा स्क्रू जरासा सैल केला आणि बोटावर तेल घेऊन दाखवले. तेल काळसर निघाले तर ते केवळ जुने आहे असे समजावे, पण दुधाळ निघाले तर आत पाणी शिरते आहे. ते पाणी इथल्या हिवाळ्यात गोठून फुगले की पेटीच तडकते. ट्यूबवर पाण्याच्या रेषेचा डाग दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहे का, हेही त्यांनी वाकून पाहायला लावले, कारण एका ट्यूबमध्ये पाणी साचले असेल तर बोट त्या अंगाला झुकते आणि डाग ते लपवू देत नाही. ट्यूबला पोचा असेल तर घाबरू नये. जोडावर भेग असेल तर मात्र निमूटपणे घरी यावे. बाकांचे खालचे सांगाडे लाकडाचे आहेत की प्लास्टिकचे, तेही पाहून घ्यावे, कारण प्लास्टिक कुजत नाही. मागे उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो मालकीच्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळवावा. त्याचे शेवटचे दोन अंक बोटीचे साल सांगतात, त्यामुळे "नवीच आहे हो" या बोलण्याची तिथल्या तिथे परीक्षा होते. आणि बोटीवर आधीच्या मालकाचे कर्ज शिल्लक नाही ना, हे पैसे देण्याआधी विचारावे.

हे सगळे एका सकाळचे काम आहे. आजच्या त्या गुळगुळीत दुकानात मी डेकखालच्या आडव्या पट्ट्या किती अंतरावर आहेत असे विचारले, तेव्हा विक्रेता माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याच्या पगाराची चौकशी केली! त्या पट्ट्या सोळा इंचांवर असल्या तर डेक घट्ट राहतो, चोवीस इंचांवर असल्या तर हळूहळू लवचिक होतो. हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पण दिवे आणि स्पीकर दाखवणे अधिक सोयीचे होते. नव्या बोटीला वॉरंटी असते, हा त्याचा एक मुद्दा खरा आहे. ज्याच्या हाती रोख पैसे आहेत त्याने सोळा-अठरा फुटांची साधी नवी बोट खुशाल घ्यावी. आणि ज्यांना उन्हाळ्यात मोजक्याच वेळा जायचे आहे त्यांनी भाड्याने घ्यावी, हेही नाइलाजाने कबूल करते.

आता थोडे शांतपणे लिहिते, कारण रागावून लिहिण्याचा माझा उद्देश नाही. माझे एवढेच सांगणे आहे की ठरवलेल्या रकमेतला निदान चौथा हिस्सा बोटीवर खर्च करू नये, बाजूला ठेवावा. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ती फार नसते, पण विमा, हिवाळ्याआधी मोटारीची तयारी, बोट प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळणे आणि जागेचे भाडे हे दर वर्षी येते. शिवाय अंगात घालायची जाकिटे चांगली घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मापाची घ्यावीत. बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांनी ती घातलीच पाहिजेत असा इथला कायदा आहे, आणि सोळा फूट किंवा त्याहून लांब बोटीवर पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकता येईल अशी एक तरंगती गादीही लागते. आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी पदरावरून जाकीट घालायला साफ नकार दिला होता. मास्तरांनी स्वतःचे जाकीट आधी अंगात चढवले, पट्टे आवळले आणि मग दुसरे त्यांच्यापुढे धरले. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण त्यांनी ते मुकाट्याने घातले.

बोटीवर माणसांच्या संख्येची पाटी असते तिच्याबद्दलही आपल्या लोकांना हात जोडून विनंती आहे. १० लिहिले असेल तर १०. कडेवरचे मूलही माणूसच असते, आणि पावभाजीचे पातेले वजनातच धरतात. रॅम्पवरून निघताना गवत काढून टाकणे आणि बोटीच्या तळाचे बूच (प्लग) उघडे ठेवून सगळे पाणी सोडून देणे हाही नियमच आहे. मिनेटोंकात २०१० साली झेब्रा शिंपले, म्हणजे बोटींबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी परके शिंपले, सापडले, ते कुणाच्या तरी निष्काळजीपणानेच आले असणार. वापरलेला डॉक किंवा बोट पाण्याबाहेर उचलून धरणारी लिफ्ट दुसऱ्या तळ्यावरून आणायचा असेल तर तो आधी एकवीस दिवस कोरडा ठेवावा लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून उचलून थेट पाण्यात टाकता येत नाही.

त्या जोडप्याने आज सही केलेली नाही. नवऱ्याचा चेहरा उतरला होता आणि बायकोने गाडीत बसल्यावर माझे आभार मानले, त्यामुळे त्या घरात माझ्याविषयी सध्या एकमत नसावे. त्यांना मी लेबर डेपर्यंत थांबायला सांगितले आहे, कारण त्यानंतर हिवाळ्याचे भाडे टाळू पाहणारे बरेच मालक किमती खाली आणतात, आणि पाणी अजून मोकळे असल्याने बोट चालवूनही पाहता येते. तोवर एखाद्या रविवारी त्यांनी आमच्या बोटीवर यावे. आणखी कुणाला जुनी बोट पाहायला जायचे असेल आणि सोबत हवी असेल, तर मला कळवावे. शनिवारी सकाळी मी मोकळी असते. येताना मोजे आणि विजेरी आणावी, आणि बोट पाण्यात उतरवून दाखवायला मालक तयार आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवावे. तो नाही म्हणाला तर आपण पेट्रोल जाळायचे नाही.