‘इलियड’ रामायणाची नक्कल? आधी ‘इलियड’ तर उघडा

‘होमरचं इलियड ही वाल्मीकि रामायणाची नक्कल आहे’ असं सांगणारी पोस्ट दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागते. ‘इलियड’ म्हणजे ट्रॉय नगराला ग्रीकांनी घातलेल्या वेढ्यावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य. तिचे पुरावे ठरलेले. रावणाने सीता पळवली, तशी ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसने स्पार्टाची राणी हेलन पळवली. लंका जळली, तसं ट्रॉय जळलं. ग्रीक वीर अकिलीसची टाच म्हणजे कृष्णाचा तळपाय. ग्रीक राजा ओडिसियसचं धनुष्य म्हणजे शिवधनुष्य. आणि शेवटी दोन्हीकडे सत्याचा असत्यावर विजय. वाचायला झकास वाटतं. अडचण एवढीच की यातलं निम्मं ‘इलियड’मध्ये नाहीच, आणि जे आहे ते असं नाही.

आधी ती आग विझवू. ‘इलियड’च्या २४ सर्गांत ट्रॉय पडतच नाही. लाकडी घोडा नाही, लुटालूट नाही, जळतं नगर नाही. दहा वर्षांच्या वेढ्यातले शेवटच्या वर्षाचे पन्नासेक दिवस, तेवढाच या काव्याचा काळ. अकिलीसने मारलेल्या हेक्टरवर, ट्रॉयच्या राजपुत्रावर, अंत्यसंस्कार होतात आणि काव्य थांबतं, तेव्हा ट्रॉयचा कोट शाबूत असतो. घोड्याची हकीकत ‘ओडिसी’ या होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात ओझरती येते, आपल्या डोक्यातलं भरगच्च चित्र मात्र व्हर्जिल या रोमन कवीचं, होमरनंतर काही शतकांनी रंगवलेलं. शिवाय हनुमान लंका जाळतो ते युद्धाच्या आधी, सीतेचा शोध लागल्यावर. साम्य दाखवायचं तर निदान क्रम तरी जुळवा.

टाचेचंही तेच. आईने बाळाला स्टिक्स नदीत बुडवलं आणि धरलेली टाच कोरडी राहिली, ही गोष्ट आपल्याला स्टेशियस या रोमन कवीकडे मिळते, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. होमरचा अकिलीस चारचौघांसारखाच जखमी होतो. एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टेरोपिअसचा भाला त्याच्या हाताला कोपराजवळ खरचटून जातो आणि रक्त उसळतं. अंग अभेद्य असतं, तर देवांच्या लोहाराकडून नवं चिलखत घडवून घ्यायची गरज काय होती?

आता हेलन. पोस्टमध्ये ती सीतेच्या जागी बसवली आहे, आणि इथे मला खरोखर राग येतो, कारण होमरने किती गुंतागुंतीची बाई उभी केली आहे! सीता अशोकवनात रावणाला थारा देत नाही. हेलन ट्रॉयमध्ये पॅरिसची बायको म्हणून नांदते आहे, प्रायम राजाची सून आहे. तिसऱ्या सर्गात ती मागावर बसून याच युद्धाची चित्रं वस्त्रात विणत असते. मग तटावर जाते. म्हातारा प्रायम तिला ‘बाळ’ म्हणून जवळ बसवतो, तुझा दोष नाही, देवांचा आहे म्हणतो, आणि खालच्या ग्रीक सेनेतला कोण कोण ते विचारतो. ती नावं सांगत जाते. स्वतःचे दोन भाऊ मात्र तिला दिसत नाहीत; माझ्या बदनामीमुळे आले नसतील, असं तिला वाटतं. ते केव्हाच मेलेले असतात, हे तिला माहीत नाही. तुमच्या मुलामागे आले तेव्हाच मेले असते तर बरं, असंही हीच बाई प्रायमला म्हणते. आणि पॅरिसकडे जा म्हणणाऱ्या अ‍ॅफ्रोडाइटी या प्रेमदेवतेला ती ‘तूच जा’ असं तोंडावर सुनावते. पळवलेली की पळालेली, याचा निकाल होमर लावत नाही. पुढे ‘ओडिसी’त ती स्पार्टात पहिल्या नवऱ्याच्या घरी पाहुण्यांची सरबराई करताना दिसते. अग्निपरीक्षा वगैरे काही नाही.

आणि मुळात काव्य हेलनवर नाहीच. पहिल्याच ओळीत कवी काव्यदेवीला अकिलीसच्या क्रोधावर गायला सांगतो. तो क्रोध ट्रॉयवर नाही, स्वतःच्या सेनापतीवर आहे. पहिल्या सर्गात अकिलीस अ‍ॅगमेम्नॉनला स्वच्छ सांगतो की ट्रॉयवाल्यांशी माझं काही भांडण नाही, त्यांनी कधी माझी गुरं नेली नाहीत.

म्हणूनच ‘सत्याचा विजय’ हा मुद्दा सगळ्यात फसवा. इथे रावण कोण? हेक्टर? सहाव्या सर्गात त्याच्या शिरस्त्राणाचा तुरा बघून तान्हं पोर दचकून रडतं, तेव्हा तो हसून शिरस्त्राण काढतो, जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला उचलून घेतो. चोविसाव्या सर्गात हेक्टरचा बाप प्रायम मुलाचं प्रेत मागायला रात्री शत्रूच्या छावणीत जाऊन, ज्या हातांनी आपली मुलं मारली तेच हात चुंबतो. अकिलीसला स्वतःचा म्हातारा बाप आठवतो. दोघे आपापल्या माणसांसाठी रडतात, मग एकत्र जेवतात. अंत्यविधीला किती दिवस हवेत, असं अकिलीस विचारतो. प्रायम अकरा दिवस मागतो आणि म्हणतो, बाराव्या दिवशी लढू, लढायचंच असेल तर.

खरं साम्य शोधायचंच तर इथे शोधा. मंदोदरीचा विलाप आहे, रामाचं ‘मरणान्तानि वैराणि’ आहे. पोस्टकर्त्याला हे दिसलं नाही. पण तिथेही फरक उरतो: रावणाच्या अपराधाबद्दल वाल्मीकीला शंका नाही, हेक्टरचा अपराध मात्र होमरला सापडत नाही.

धनुष्याबद्दल थोडक्यात. ‘ओडिसी’त ओडिसियस आपलंच जुनं धनुष्य चढवून बारा कुऱ्हाडींतून बाण सोडतो, तोही भिकाऱ्याच्या वेशात, स्वतःच्याच बायकोसाठी. राम धनुष्य मोडतो. वेशांतर आणि लक्ष्यवेध दोन्ही हवे असतील, तर द्रौपदीचं स्वयंवर जास्त जवळचं. शिवधनुष्याशी लावलेला हा बादरायण संबंध आहे.

आणि ही नक्कलेची कल्पनाही पोस्टवाल्यांची स्वतःची नाही. १८७० मध्ये आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन संस्कृत पंडिताने नेमकं उलट मांडलं होतं: सीतेचं हरण आणि लंकेची लढाई वाल्मीकीने होमरवरून उचलली. त्याला मुंबईतून काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७३ मध्ये सविस्तर उत्तर दिलं, ऐन तेविशीच्या आत-बाहेर असताना. आज फिरणाऱ्या पोस्टमधल्या दोन ग्रंथांच्या नावांची अदलाबदल करा, वेबरचाच युक्तिवाद हाती येईल.