आमसुलाचं पाणी, मध आणि ‘कॅन्सर पसरवणारा’ लेझर

कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किमो घेणाऱ्या मुलांचं तोंड येतं ते अंगातल्या उष्णतेनं. हॉस्पिटलात त्यावर लेझर मारतात, त्यानं कोवळं तोंड भाजतं, कॅन्सर पसरतो. त्यापेक्षा आमसुलाचं पाणी आणि मध द्या, तीन दिवसांत तोंड साफ.

उष्णतेचा इथे संबंध नाही. किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात, आणि गालाच्या आतलं अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून तेही सोलवटतं. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन या किमोच्या औषधांनंतर हे जास्त दिसतं, बहुधा डोसनंतर 5 ते 10 दिवसांत. नेमक्या त्याच सुमारास जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटलेल्या असतात. तोंडातल्या जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते ती अशी.

‘भाजतं’ हे ऑपरेशनात कापायला वापरतात त्या लेझरबद्दल खरं आहे. इथला लेझर कमी ताकदीचा, लाल किंवा इन्फ्रारेड प्रकाशाचा. तो कापत नाही, भाजत नाही, आणि एक्स-रेसारखा किरणोत्सर्गही त्यात नाही. पेशींतले मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग) हा प्रकाश शोषतात, त्यामुळे दुरुस्तीला वेग येतो आणि दुखणं कमी होतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. काही मिनिटांचं काम, पण एकदा करून भागत नाही, बरेचदा रोज करावं लागतं. डोळ्यांवर लेझरपासून बचावाचा चष्मा मात्र सगळ्यांनी लावायचा. लहानग्याला तोंड उघडून स्थिर बसवणं हीच काय ती खरी कसरत!

‘कॅन्सर पसरतो’ या भीतीला थोडा आधार आहे, म्हणून ती हसण्यावारी नेत नाही. तोंडात किंवा घशात गाठ असेल तर प्रकाश थेट गाठीवर पडू नये याची काळजी डॉक्टर घेतात. पण मुलांत सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, त्यात तोंडात सहसा गाठ नसते. आणि आतापर्यंतच्या अभ्यासांत या उपचारानं कॅन्सर बळावल्याचं दिसलेलं नाही. उलट बोनमॅरो प्रत्यारोपणात आणि डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून आधीपासूनच लेझर द्यावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. साध्या किमोत पुरावा तेवढा भक्कम नाही. सोय प्रत्येक हॉस्पिटलात नसते, हेही खरं.

आता आमसूल. सोलकढी आपल्या जिवाची, पण सोललेल्या तोंडाला ती आंबट लागली की पोर कळवळतं आणि पुढचा घासही नाकारतं. मऊ पेज, गार दूधभात, शहाळ्याचं पाणी डॉक्टरांना विचारून द्या. मध एक वर्षाखालच्या बाळाला कधीच नको, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना रानातला कच्चा मध तर नकोच. तीन दिवसांचं म्हणाल, तर ही जखम पेशी सावरल्या की दोनेक आठवड्यांत बहुधा आपसूक भरते. शेवटच्या तीन दिवसांत जे दिलं असेल, त्याचं नाव होतं.

मेसेजमध्ये तापाचा उल्लेखच नाही, याचा मला सर्वांत राग येतो. किमो चालू असताना 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला, तर मध्यरात्र असो की पावसानं घाट बंद असो, आधी उपचार करणाऱ्या हॉस्पिटलला फोन करायचा आणि ते सांगतील त्या जवळच्या दवाखान्यात लगेच निघायचं.