डायरला शिक्षा झाली, राणीने माफी मागितली? दोन्ही खोटं

‘जालियनवाला बागेबद्दल ब्रिटनच्या माफीची गरजच काय?’ असा पाच मुद्द्यांचा मजकूर सगळीकडे फिरतोय. काल तो भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलेला दिसला, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

‘डायर एकटाच माथेफिरू होता आणि इंग्रजांनीच त्याला शिक्षा केली.’ सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण यात सरकार अलगद सुटतं. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या या बागेत जनरल डायरच्या हुकमाने दहा-पंधरा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. मृत सरकारी हिशेबाने ३७९, काँग्रेसच्या चौकशीप्रमाणे हजाराच्या घरात. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर याने या कृतीला लगेच पसंती कळवली. सप्टेंबरात लष्करी कायद्याखाली वागलेल्या अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला, आणि हंटर चौकशी समिती नेमली गेली ती त्यानंतर. आधी कवच, मग चौकशी.

एकच कागद वाचायचा असेल तर या समितीपुढची डायरची साक्ष वाचा. समितीचे एक भारतीय सदस्य चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं, बागेत शिरायची वाट रुंद असती आणि चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या का? उत्तर आलं, बहुधा हो. जखमींसाठी काय केलं? ते माझं काम नव्हतं, इस्पितळं उघडी होती. पण रात्री आठनंतर रस्त्यावर दिसेल त्याला गोळी घालण्याचा हुकूम होता! जखमींना उचलायला कोण आणि कसं येणार होतं? नंतर त्याच डायरने अमृतसरच्या एका गल्लीतून जाणाऱ्या भारतीयांना पोटावर सरपटायला लावलं. एवढं सगळं उघड होऊनही खटला नाही. समितीने ठपका ठेवला, नोकरी गेली, बस्स. १९२० च्या जुलैत हाऊस ऑफ लॉर्ड्सने १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याची बाजू घेतली, आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या ब्रिटिश वृत्तपत्राने वर्गणी काढून २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम त्याच्या हातात ठेवली. याला शिक्षा म्हणायचं?

‘राणीने १९९७ मध्ये माफी मागितली.’ साफ खोटं. राणीने पुष्पचक्र वाहिलं. आदल्या दिवशी दिल्लीच्या भाषणात बागेचा उल्लेख क्लेशदायक उदाहरण म्हणून केला आणि इतिहास पुन्हा लिहिता येत नाही, असंही सांगितलं. २०१३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरन यांनी ‘अत्यंत लाजिरवाणी घटना’ लिहिलं, २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी खेद व्यक्त केला. यांपैकी माफी कुणीच मागितली नाही.

‘उधमसिंगांनी डायरला मारलं, हिशेब संपला.’ डायर १९२७ मध्ये आजारपणात मेला. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मारला गेला तो ओड्वायर.

‘आजच्या इंग्रजांचा काय दोष?’ काहीच नाही, आणि माफी त्यांच्याकडून नकोच आहे. माणसं बदलली तरी सरकार तेच चालू राहतं. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर केलेला ‘ब्लडी संडे’चा गोळीबार १९७२ चा. कॅमेरन तेव्हा पाच वर्षांचे होते, तरी २०१० मध्ये पंतप्रधान म्हणून त्यांनी देशाच्या वतीने संसदेत माफी मागितलीच.

‘माफी मागितली की भरपाईचं दार उघडतं.’ ही भीती खरी आहे. २०१९ मध्ये मार्क फील्ड या ब्रिटिश मंत्र्यांनीच आर्थिक परिणामांचं कारण पुढे केलं. पण २०१३ मध्ये माऊ माऊ प्रकरणात, म्हणजे केनियातल्या ब्रिटिशविरोधी उठावाच्या काळात छळ झालेल्या ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मंजूर झाले, तेव्हा ब्रिटनने फक्त खेद व्यक्त केला आणि कायदेशीर जबाबदारी नाकारलीच. पैसे आणि माफी असे वेगळे ठेवता येतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. दोन सरकारांनी बंद दाराआड ठरवलेली माफी फुकट जाऊ शकते. युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलाम केलेल्या कोरियन स्त्रियांबाबत २०१५ मध्ये जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात करार झाला, पण हयात असलेल्या स्त्रियांना नीट विचारलंच नव्हतं. पुढे तो कोलमडला.

म्हणून मागणी नेमकी हवी. भारतीय प्रवाशांचं कोमागाटा मारू हे जहाज कॅनडाने १९१४ मध्ये परत पाठवलं होतं; त्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये सरे शहरातल्या उद्यानातल्या कार्यक्रमात माफी मागितली, तेव्हा शीख समाजातल्या अनेकांनी ती तिथल्या तिथे नाकारली. संसदेत मागा, हे त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी ती कॅनडाच्या संसदेत, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मागितली. भारतानेही तेच मागावं: ब्रिटिश संसदेत, पंतप्रधानांच्या तोंडून, बागेचं नाव घेऊन, ओड्वायरची पसंती आणि संरक्षणाचा कायदा यांचा उल्लेख करून. आणि मसुदा आधी अमृतसरच्या त्या कुटुंबांच्या वारसांना दाखवून.