नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर : भांडण होतं, आणि ते पैशाचं होतं

नाना, रामराम.

लतादीदी आणि रफीसाहेब साठच्या दशकात काही वर्षं एकत्र का गायले नाहीत, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. दोघंही आता हयात नाहीत, बाजू मांडायला येणार नाहीत, मग "मरेल माणूसना मांगे कसाले लागतस?" (मेलेल्या माणसाच्या मागे कशाला लागता?) हा तुमचा पहिला सवाल. या सगळ्या सिनेमासिकांनी पिकवलेल्या कंड्या, पुरावा काय, हा दुसरा. सुमनताई कल्याणपूरांना मी भांडणात फावलेली गायिका ठरवलं, हा आरोप. खान्देशात बसून मुंबईची धुणी कशाला धुता, आपल्या मातीतलं लिहा, हा सल्ला. आणि शेवटी, लेख काढून टाका.

लेख काढणार नाही. तुम्ही वडीलधारे आहात, तमाशापासून नाट्यसंगीतापर्यंत माझ्यापेक्षा जास्त ऐकलेलं आहे, म्हणून नुसतं 'नाही' म्हणून थांबत नाही.

पुराव्याचं आधी. कोण कुणाच्या लग्नाला गेलं नाही, कुणी कुणाकडे पाहून तोंड फिरवलं, असल्या गोष्टींना मी हात लावत नाही. मी बघतो तबकडीवर काय उमटलं ते. १९६५ चा 'जब जब फूल खिले' घ्या. संगीत कल्याणजी-आनंदजी. 'परदेसियों से ना अखियाँ मिलाना' हे गाणं त्यात रफीसाहेबांच्याही आवाजात आहे आणि दीदींच्याही, पण वेगवेगळं. 'ये समा' एकट्या दीदींचं. म्हणजे दोघंही त्या चित्रपटात आहेत, दोघांनाही त्याच संगीतकारांनी बोलावलंय, दोघांच्याही तारखा मिळाल्यात. आणि नायक-नायिकेचं द्वंद्वगीत, 'ना ना करते प्यार', ते मात्र रफी आणि सुमन कल्याणपूर. त्याच्या आदल्या वर्षीचा 'राजकुमार' बघा. शंकर-जयकिशन. 'आजा आई बहार' दीदींचं, आणि 'तुमने पुकारा और हम चले आए' रफी-सुमन. शंकर-जयकिशनसारख्यांना लताबाई हव्या असताना मिळत नव्हत्या असं काही नव्हतं. त्याच चित्रपटात त्या गातच होत्या. फक्त एका माणसाबरोबर गात नव्हत्या. १९६६ च्या 'सूरज'मध्ये पुन्हा तेच, 'इतना है तुमसे प्यार मुझे' रफी-सुमन. मग १९६७ ला 'ज्वेल थीफ' येतो आणि 'दिल पुकारे'मध्ये दोघं परत एकत्र. ही कंडी नाही, नाना. श्रेयनामावलीत छापलेली गोष्ट आहे.

सुमनताईंबद्दल मी 'फावलं' हा शब्द वापरलेला नाही, हवं तर लेख परत उघडून बघा. ती गाणी त्यांच्या वाट्याला आली एवढंच लिहिलंय. ती त्यांनी कशी गायली ते सांगायला माझी गरज नाही. २०२३ मध्ये पद्मभूषण मिळालं ते काही बदली कामगार म्हणून मिळालं नाही. आणि हेही विचारतो, की त्या काळात दीदींचा आवाज आणि सुमनताईंचा आवाज यांत घोळ घालणारे आपणच होतो ना? रेडिओवर निवेदकानं नाव नाही घेतलं, तर अजूनही आपल्यातले निम्मे लोक 'ही लताच' म्हणून मोकळे होतात.

आता भांडण कशावरून झालं. इथेच तुमचा आणि माझा खरा मतभेद आहे. तुमच्या लेखी ही दोन मोठ्या माणसांच्या स्वभावाची ठिणगी, आणि स्वभावाचं काय ते झाकून ठेवावं. माझ्या लेखी तो मजुरीचा वाद होता. दीदींचं म्हणणं असं, की गाण्याच्या तबकड्या वर्षानुवर्षं विकल्या जातात, काही ठरावीक संगीतकारांना त्या विक्रीतला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, मिळतो, मग गाणाऱ्याला का नको? रफीसाहेबांचं म्हणणं असं, की निर्मात्यानं ठरलेले पैसे दिले, मी गायलो, व्यवहार संपला. दोन्ही बाजू सरळ माणसांच्या आहेत. रफीसाहेबांचा मोकळेपणा मला आवडतो, पण हिशेब दीदींचा बरोबर होता, असं माझं मत आहे आणि ते मी लेखात लिहिलंय. 'माया'च्या 'तस्वीर तेरी दिल में'च्या ध्वनिमुद्रणात एका कडव्यावरून खटका उडाला, तो निखाऱ्यावर फुंकर घालण्यापुरता. निखारा आधीचाच होता.

आणि हा काही एका दिवसात सुचलेला हट्ट नव्हता. १९४९ ला 'महल' आला, 'आएगा आने वाला' देशभर गाजलं, आणि तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र! गाणाऱ्या बाईचं नावच नाही. 'चोरी चोरी'तल्या 'रसिक बलमा' गाण्याचं बघा. त्या चित्रपटाच्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, समारंभात दीदींनी ते गाणं गावं असं ठरलं, तर त्यांनी नकार दिला, कारण पार्श्वगायनाला बक्षीसच नव्हतं. ते सुरू झालं १९५९ पासून, आणि पहिलं मिळालं 'आजा रे परदेसी'साठी त्यांनाच. आधी नाव, मग बक्षीस, मग पैसा. रफीसाहेबांशी झालेला वाद या वाटेवरचा तिसरा टप्पा आहे. तो गाळून दीदींचं चरित्र सांगायचं म्हणजे बाई फार गोड गायच्या आणि जरा फटकळ होत्या, एवढंच उरतं. तुम्हाला त्यांचा मान राखायचाय हे कळतं मला. पण अशानं मान राखला जात नाही, नाना, त्यांनी केलेलं काम पुसलं जातं.

गाणाऱ्याला रॉयल्टी मिळण्याचा हक्क या देशात कायद्यानं कधी आला, ठाऊक आहे? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा. रफीसाहेब १९८० लाच गेले. दुरुस्ती झाली तेव्हा दीदी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

त्याच २०१२ मध्ये दीदींनी मुलाखतीत सांगितलं की रफीसाहेबांनी आपल्याला दिलगिरीचं पत्र लिहिलं होतं, आणि रफीसाहेबांच्या मुलानं ते साफ नाकारलं. 'हे तुम्ही लपवलंत' असं तुमच्या प्रतिक्रियेखाली कुणीतरी लिहिलंय, त्यांच्यासाठी सांगतो: लपवलं नाही, वगळलं. गाणी आपल्या हातात आहेत, पत्र नाही.

याच मापानं मी दुसऱ्या अफवा मोजतो आणि बऱ्याच गळून पडतात. लता-आशा वैर ही सगळ्यात लाडकी अफवा. घरोघरी चघळली जाते. दोघींमध्ये एका काळी दुरावा होता, आशाताईंनी लहान वयात घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा; तो घरातला मामला. पण गाण्यात? 'पडोसन'चं 'मैं चली मैं चली', १९८४ च्या 'उत्सव'मधलं 'मन क्यूँ बहका रे बहका', दोन्ही दोघींची. वैरिणी एका मायक्रोफोनपुढे उभ्या राहून असं गात नाहीत. पेडर रोडच्या प्रभुकुंजमध्ये शेजारी शेजारी राहिल्या ते वेगळंच. दोन भाऊ एकाच धंद्यात वर गेले तर आपण म्हणतो घराण्याचं नाव काढलं. दोन बहिणी गेल्या की जावाजावांसारखं भांडण शोधत बसतो. त्यावर मी केव्हातरी लिहीन, पण ते तुम्हाला आणखी आवडणार नाही.

संगीतकार सचिनदा (सचिन देव बर्मन) आणि दीदींचं मात्र खरं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी बिनसलं. १९५९ चा 'सुजाता' काढा, आशा आहे, गीता दत्त आहे, दीदी नाहीत. मग 'बंदिनी'त 'मोरा गोरा अंग लइ ले' आलं. मधल्या काळात आशाताईंना सचिनदांकडे जे काम मिळालं, त्यानं त्यांचं गाणं केवढं पसरलं! ओ. पी. नय्यर तर दीदींकडून एकही गाणं न गाऊन घेता मोठे झाले. पण तिथे भांडण सिद्ध होत नाही. त्यांच्या चाली शमशाद बेगम, गीता दत्त, आशा यांच्या गळ्यातल्याच होत्या. एखाद्याला वांग्याचं भरीत आवडत नाही म्हणजे त्याचं शेतकऱ्याशी वैर असतंच असं नाही.

मेलेल्या माणसाची बदनामी होते, ही तुमची भीती खोटी नाही. याचं सगळ्यात वाईट उदाहरण युरोपातलं आहे. मोझार्ट १७९१ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला, आणि सालिएरी या संगीतकारानं त्याला विष घातलं अशी वदंता उठली. सालिएरी म्हणजे कोण, तर बेथोव्हेन, शुबर्ट, लिस्ट यांना शिकवलेला माणूस. मोझार्टचा धाकटा मुलगासुद्धा त्याच्याकडे शिकला. तरी पुश्किननं त्यावर नाटुकलं लिहिलं, पुढे १९८४ मध्ये 'अमाडेउस' चित्रपट निघाला, आणि सालिएरीचं नाव जगभर झालं ते जळका म्हणून. मग २०१६ च्या सुरुवातीला प्रागच्या संग्रहालयातली एक छापील पुस्तिका जगापुढे आली. १७८५ मधली. एका गायिकेच्या आजारातून बरं होण्यावर रचलेलं गाणं, आणि त्याचं संगीत मोझार्ट व सालिएरी यांच्यासह तिघांच्या नावावर. सव्वादोनशे वर्षं सभ्य लोक गप्प बसले त्यानं त्या बिचाऱ्याचं काही भलं झालं नाही. कुणीतरी जुने कागद उपसले त्यानं झालं. म्हणून मी गप्प बसण्याच्या बाजूचा नाही, कागद उपसण्याच्या बाजूचा आहे.

आता आपल्या मातीचं. तुम्ही जळगावला बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात ऐकलेल्या मैफलींचा उल्लेख केलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो. नारायणराव राजहंसांचे, म्हणजे बालगंधर्वांचे, बालपणीचे काही दिवस जळगावात गेले, मेहबूबखानांकडे गाण्याचे पहिले धडे इथेच मिळाले, हे आपण छाती फुगवून सांगतो. मग पुढचंही सांगू या ना. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली ती किर्लोस्कर मंडळी फोडून. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, गणपतराव बोडस बाहेर पडले. मालकी कुणाची, नफा कुणाचा, याच प्रश्नावर नाटक कंपन्या फुटत आल्या. आणि केशवराव भोसले-बालगंधर्व हे वैर? ते बहुतेक तिकीट काढणाऱ्यांचंच होतं. गंधर्ववाले आणि केशवरावांच्या मंडळीचे, म्हणजे ललितकलादर्शवाले, असे दोन तट, एकमेकांच्या नटाला नावं ठेवणारे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघं एका रंगमंचावर उभे राहिले आणि बाहेरच्या दोन्ही तटांचं काय करायचं ते त्यांनाच कळेना. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. पुन्हा तो योग नाही.

राहिला तमाशा. तुम्हीच लिहिलंय की तरुणपणी सारंगखेड्याच्या यात्रेत एका फडाच्या तंबूपुढे तिकिटं फाडायचात. म्हणजे समोरासमोर दोन कनाती लागल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. गणगौळणीत सवाल-जवाबाचं भांडण चालायचं ते लोकांसाठी, खरं भांडण चालायचं उचलीवर, म्हणजे मालकाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांवर. सोंगाड्यानं एका मालकाची उचल घेतली आणि दसऱ्याला दुसऱ्याच्या गाडीत बसला. गाणारीण सुपारीच्या आकड्यावरून अडून बसली. लोक म्हणायचे, कलावंतांचं जमत नाही, फार अहंकार. अहंकार कसला? पोटाचा प्रश्न होता.

आज अहिराणी गाण्यांचं तेच चाललंय. एक गाणं यूट्यूबवर चढतं, लग्नसराईत धुळे-नंदुरबारच्या प्रत्येक बँडवाल्याच्या तोंडी होतं, वरातीत रात्रभर वाजतं. लिहिणारा वेगळा, गाणारी वेगळी, वाहिनीचा मालक तिसराच. मग पोरांत बातमी फिरते की अमुक गायक अन् तमुक गीतकाराचं फाटलं. रील बनतात, दोन्हीकडचे चाहते एकमेकांना शिव्या घालतात. गाण्याचा पैसा कुणाच्या खात्यात जातो, हे मात्र एकही जण विचारत नाही. मी मुंबईची धुणी धुतो असं तुम्ही म्हणता. मला तर ती आपल्याच घाटावरची वाटतात.

तेव्हा एक विनंती आहे. त्या फडात उचल किती असायची, कुणाला किती, हंगामाच्या शेवटी हिशेब कसा व्हायचा, फड फुटला तर उचलीची वसुली कशी चालायची, एवढं लिहून पाठवा. नावं नकोत, आकडे चालतील. अहिराणीत लिहिलंत तर आणखी बरं. एक अक्षर न बदलता टाकतो, आणि खाली ज्याला भांडायचंय त्यानं भांडावं.